यंत्र अडते तेव्हा

ज्यांच्या घरी संगणक आहे, त्यांनी नवे सॉफ्टवेअर बसविताना एक लहानसा सोहळा अनेकदा पाहिला असेल. एका फाइलवर दोनदा टिचकी मारली की एक चौकट उघडते. ती आपले स्वागत करते, भाषा विचारते, अटी मान्य आहेत ना म्हणून पुसते. मग एक पट्टी डावीकडून उजवीकडे सरकत जाते, आणि अखेर काम पूर्ण झाल्याची वर्दी मिळते. या चौकटीस इन्स्टॉलर म्हणतात. आपण तिच्याकडे दारावरच्या पाटीइतकेच लक्ष देतो. ती कोणी तयार केली, कशी केली, हा विचार आपल्या मनात येत नाही. आणि तो येऊ नये यातच तिच्या कर्त्याचे यश असते. परंतु या चौकटीच्या मागे आज्ञांची एक यादी असते. ती लिहिताना चुका होतात, आणि त्या चुका शोधण्याची एक रीत आहे. त्या रीतीविषयी आज चार शब्द सांगावयाचे आहेत. विषय रुक्ष वाटण्याचा संभव आहे, हे मी जाणतो. परंतु ज्या प्रसंगाने मला तो खऱ्या अर्थाने शिकविला, तो प्रसंग एका नदीकाठच्या गावातला आणि शेताच्या पाण्याचा आहे.

नंदुरबार जिल्ह्यातील शहादे तालुक्यात प्रकाशा नावाचे गाव आहे. तापी आणि गोमाई या दोन नद्यांचा संगम येथे होतो. केदारेश्वराच्या देवळामुळे आणि संगमामुळे भाविक लोक या क्षेत्राला दक्षिण काशी म्हणतात. इतिहासाच्या अभ्यासकांना ते निराळ्या कारणाने ठाऊक आहे. १९५५ साली पुरातत्त्व खात्याचे बी. के. थापर यांनी येथील टेकाड खणले, आणि ताम्रपाषाणयुगापासून पुढच्या वस्तीचे थर एकाखाली एक उघडे केले. आता गावाजवळ तापीवर बंधारा आहे, आणि काठावरचे शेतकरी पंपाने पाणी उचलून ऊस, पपई, गहू, हरभरा पिकवितात.

आमचे मूळ घर या गावी आहे. मी पोटासाठी नाशकास असतो, आणि माझा व्यवसाय सॉफ्टवेअरचाच आहे. माझा पुतण्या मात्र गावी शेती पाहतो. त्याच्यासह सात खातेदारांचा नदीवर एक सामाईक पंप आहे. कोणाची पाळी कोणत्या दिवशी, किती तासांची, वीज मध्येच गेल्यामुळे कोणाचे किती तास बुडाले आणि ते त्याला पुढे केव्हा द्यावयाचे, हा सारा हिशेब वर्षानुवर्षे एका वहीत लिहिला जाई. वही सांभाळीत ते आमच्या शेजारचे एक वृद्ध गृहस्थ. सारा गाव त्यांना आबा म्हणतो. वहीवरून कुरबुर होई. क्वचित भांडणही होई. म्हणून पुतण्याने चार महिने रात्री बसून संगणकावर एक छोटासा कार्यक्रम तयार केला. पाळी कोणाची, उरलेले तास किती, हे तो क्षणात सांगे. दिवाळीच्या सुट्टीत मी गावी गेलो, तेव्हा तो कार्यक्रम तयार होता. अडले होते ते एवढेच, की तो आबांच्या संगणकावर बसविता येत नव्हता. रब्बीचे पाणी सुरू व्हावयास आठ दिवस उरले होते.

येथे इन्स्टॉलर म्हणजे काय, हे थोडे स्पष्ट केले पाहिजे. आपण एका गावाहून दुसऱ्या गावी बिऱ्हाड हलवितो, तेव्हा हमालांच्या हाती एक यादी देतो. ही ट्रंक माजघरात, ही भांडी स्वयंपाकघरात, देव्हारा पूर्वेच्या भिंतीला. इन्स्टॉलरची स्क्रिप्ट म्हणजे अशीच यादी. कोणती फाइल कोठून उचलावी, पाहुण्या संगणकावर कोठे ठेवावी, पडद्यावर कोणते चित्र लावावे, आणि पुढेमागे कार्यक्रम काढून टाकावयाचा झाल्यास काय उचलून न्यावे व काय राहू द्यावे, हे सर्व तीत लिहिलेले असते. ही यादी व प्रत्यक्ष सामान एकत्र बांधून त्यांचे एकच गाठोडे करणारा जो कार्यक्रम, त्याला कंपायलर म्हणतात. आपल्या भाषेत संकलक. पुतण्याने वापरला होता तो इनो सेटअप नावाचा. जॉर्डन रसेल या गृहस्थांनी तो १९९७ साली प्रथम प्रसिद्ध केला, आणि विंडोजवर काम करणाऱ्या लहानमोठ्या सॉफ्टवेअर-कर्त्यांत तो आजही फार प्रचारात आहे. कंपायलर यादी वाचू लागतो, आणि जी ओळ त्याला उमगत नाही तेथे थांबून तक्रार नोंदवितो. या तक्रारीस कंपाइल एरर म्हणतात.

पुतण्याने मला पाहताच म्हटले, "काका, मी एक चूक दुरुस्त करतो, तो दुसरी उभी राहते. दुसरी काढतो, तो तिसरी. आता माझा धीर सुटला. मूळची स्क्रिप्टच टाकून देऊन दुसऱ्या कोणाची उतरवून घेतो."

ही निराशा या व्यवसायात नवख्या माणसाला हटकून येते, आणि ती एका गैरसमजातून येते. हा कंपायलर सगळ्या चुकांची जंत्री एकदम देत नाही. पहिली चूक भेटली की तो तेथेच थांबतो. पुढच्या ओळी त्याने वाचलेल्याच नसतात. म्हणून एक चूक काढल्यावर दुसरी दिसली, तर ती आपण नव्याने केली असे समजण्याचे कारण नाही. ती पूर्वीपासून तेथे होतीच. यंत्र आता तिच्यापर्यंत येऊन पोचले, इतकेच. मी त्याला विचारले, "काल यंत्र कितव्या ओळीवर अडत होते?" तो म्हणाला, "सहाव्या." "आणि आज?" "एकतिसाव्या." मी म्हटले, "मग तू मागे गेलास की पुढे?" तो क्षणभर गप्प राहिला, आणि हसला. थापरांच्या माणसांनी टेकाड खणताना एक थर काढल्याखेरीज दुसरा दिसत नव्हता. आणि दुसरा दिसला म्हणून पहिल्या थराचे श्रम वाया गेले, असे कोणी म्हटले नसेल.

सहाव्या ओळीवरची त्याची चूक उद्बोधक होती. कार्यक्रमाला बहुधा एक लांबलचक ओळखक्रमांक देतात, आणि तो महिरपी कंसात लिहितात. इनो सेटअपच्या भाषेत महिरपी कंसाला एक विशेष अर्थ आहे: कंसात जे असेल ते एखाद्या ठरलेल्या जागेचे नाव, असे कंपायलर समजतो. खराखुरा कंसच लिहावयाचा असेल, तर उघडणारा कंस दोनदा लिहावा लागतो. मूळ नमुन्यात तो दोनदाच होता. आमच्या चिरंजिवांनी 'हा एक जास्तीचा दिसतो' म्हणून टापटिपीच्या हौसेने एक पुसून टाकला होता! कंपायलरने तक्रार केली की या नावाची जागा मला ठाऊक नाही. पुतण्या दोन दिवस तो ओळखक्रमांक बदलीत बसला. वास्तविक तक्रारीचे दुसरे वाक्य असे होते की, तुम्हाला नुसता कंसच लिहावयाचा असेल तर तो लागोपाठ दोनदा लिहा. रोगाचे निदान आणि औषध दोन्ही एकाच चिठ्ठीत लिहिलेली होती. रोग्याने फक्त अर्धी चिठ्ठी वाचली.

म्हणून माझी पहिली सूचना अशी, की यंत्राची तक्रार अखेरपर्यंत वाचावी. तांबड्या अक्षरांची चौकट पाहताच ती बंद करण्याकडे आपला हात धावतो. परक्या भाषेतील तार आली की पूर्वी घरातील माणसे ती वाचण्याआधीच रडू लागत, त्यातलाच हा प्रकार. तक्रारीत फाइलीचे नाव असते, ओळीचा क्रमांक असतो, कित्येकदा त्या ओळीतील नेमकी जागाही असते. ही सर्व साक्ष आपल्या बाजूची आहे. तक्रार जशीच्या तशी कागदावर उतरवून घ्यावी. आपल्या शब्दांत सांगू गेल्यास नेमका महत्त्वाचा शब्द गळतो.

आता एकतिसाव्या ओळीची कथा सांगतो, कारण ती विशेषेकरून मराठी माणसाने ऐकण्यासारखी आहे. त्या ओळीत खातेदारांच्या नावांची फाइल उचलण्याची आज्ञा होती. फाइलीचे नाव होते 'शेतकऱ्यांची यादी'. कंपायलर म्हणे, अशी फाइल अस्तित्वात नाही. आणि फाइल तर डोळ्यांसमोर त्याच फोल्डरात दिसत होती!

तक्रार नीट पाहिली, तेव्हा तीत फाइलीचे नाव मराठीत नव्हतेच. त्या जागी परकी स्वरचिन्हे, चलनांची चिन्हे, तुटक रेघा यांची एक लांब माळ होती. हा प्रकार ज्यांनी पाहिला नाही असा मराठी संगणक-वापरकर्ता विरळा. त्याचे कारण असे. संगणक अक्षरे साठवीत नाही, अंक साठवितो. युनिकोड नावाच्या जागतिक व्यवस्थेत, १९९१ सालच्या तिच्या पहिल्या आवृत्तीपासून, देवनागरीच्या चिन्हांना स्वतंत्र क्रमांक आहेत. हे क्रमांक फाइलीत लिहिण्याची आज सर्वांत रूढ रीत म्हणजे यूटीएफ-८. तीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. 'प्रकाशा' हा शब्द घ्या. प, हलन्त, र, क, काना, श, काना अशी त्यात सात चिन्हे आहेत. म्हणजे एकवीस बाइट झाले. आता वाचणाऱ्याला ही रीत ठाऊक नसेल आणि तो प्रत्येक बाइट म्हणजे एक स्वतंत्र अक्षर समजून वाचू लागला, तर आमच्या गावाच्या नावाची एकवीस तुकड्यांची चेटकी भाषा होईल. पुतण्याजवळचा कंपायलर जुन्या आवृत्तीचा होता. फाइलीच्या आरंभी यूटीएफ-८ ची ओळख पटविणारे तीन बाइटांचे चिन्ह असल्याखेरीज तो तिला यूटीएफ-८ म्हणून वाचीत नसे. आम्ही स्क्रिप्ट त्या चिन्हासह पुन्हा साठविली. चेटूक नाहीसे झाले. तक्रारीत आता स्वच्छ मराठीत लिहून आले: 'शेतकऱ्यांची यादी' ही फाइल अस्तित्वात नाही!

श्रोतेहो, खरे सांगतो, मलाही क्षणभर काही सुचेना. नाव तेच, फोल्डर तोच, आणि यंत्र म्हणते फाइल नाही. अशा वेळी माणूस यंत्राला खोटे ठरवितो. परंतु यंत्राला खोटे बोलण्यात काही लाभ नसतो. ते काय पाहते आणि आपण काय पाहतो, यांत फरक कोठे पडतो, हे शोधले पाहिजे.

येथे दुसरी सूचना उपयोगी पडते: एका वेळी एकच गोष्ट बदलावी. नाव, फोल्डर, कंपायलरची आवृत्ती ही सर्व एकदम बदलली आणि काम झाले, तरी कशामुळे झाले हे कळत नाही. आणि न कळलेले यश फार टिकत नाही. आम्ही फक्त फाइलीचे नाव खोडले आणि त्या जागी तारकाचिन्ह घातले. म्हणजे, या फोल्डरात जे असेल ते उचल. कंपायलर निमूटपणे पुढे गेला. यावरून इतके निश्चित झाले की फोल्डर बरोबर होता. दोष नावातच होता. मग फोल्डरातील फाइलीचे नाव तेथूनच उचलून स्क्रिप्टमध्ये आणले. तेही चालले! पडद्यावर दोन्ही नावे एकाखाली एक ठेवली. डोळ्यांना तिळमात्र फरक दिसेना.

फरक 'ऱ्य' या जोडाक्षरात होता. हा आडव्या रेघेचा रफार आपल्या भाषेचे एक वैशिष्ट्य आहे. शेतकऱ्यांची, वऱ्हाड, बिऱ्हाड, तऱ्हा, दऱ्या या शब्दांत तो येतो. 'आचार्य' शब्दातला रफार निराळा आणि हा निराळा. युनिकोडमध्ये हा रफार लिहिण्याचे दोन मार्ग आहेत. एकात साधा र, क्रमांक २३५२, मग हलन्त, क्रमांक २३८१, आणि त्यापुढे ८२०५ क्रमांकाचे एक अदृश्य जोडचिन्ह. दुसऱ्यात खाली टिंब असलेला ऱ, क्रमांक २३५३, आणि त्यापुढे हलन्त. कागदावर आणि पडद्यावर दोन्हींचे रूप एकच. परंतु यंत्र रूप पाहत नाही, क्रमांक पाहते. त्याच्या दृष्टीने ही दोन नावे राम आणि श्याम यांच्याइतकी भिन्न. यादीची फाइल आबांच्या नातीने मोबाइलवर टंकून पाठविली होती. स्क्रिप्ट पुतण्याने संगणकावर लिहिली होती. दोघांचे कळफलक निराळे, म्हणून रफारही निराळे. चूक तिची नव्हती आणि याचीही नव्हती. दोन्ही लेखने शुद्धच. फक्त त्यांचा मेळ नव्हता.

यातून एक व्यावहारिक नियम निघतो. फाइलीचे नाव स्क्रिप्टमध्ये हाताने टंकू नये. ते जेथे आहे तेथून उचलून आणावे. आणि आतल्या कामाच्या फाइलींना साधी, रोमन अक्षरांतील नावे द्यावी. वापरणाऱ्याच्या डोळ्यांसमोर येणारी नावे मात्र अवश्य मराठीत ठेवावी. यात मातृभाषेचा अवमान नाही. घराच्या पायात कोणता दगड घातला हे पाहुणा विचारीत नाही. दारावरील नाव मात्र तो वाचतो.

यापुढच्या अडचणी लहान होत्या. अठ्ठावन्नाव्या ओळीवर यंत्र म्हणाले, येथे अर्धविराम हवा. पुतण्या ती ओळ दहा वेळा तपासून म्हणाला, येथे काही उणे नाही. आणि ते खरेच होते, कारण अर्धविराम सत्तावन्नाव्या ओळीच्या शेवटी राहून गेला होता. कंपायलरला वाक्य संपल्याची खूण मिळेना. तो पुढच्या ओळीत शिरला, तेथे त्याला भलताच शब्द भेटला, आणि त्याने तेथे हाक मारली. ठेच लागते एका जागी आणि कण्हतो माणूस दोन पावले पुढे जाऊन, तसेच हे. म्हणून यंत्राने दाखविलेली ओळ निर्दोष दिसली, तर तिच्या आधीची ओळ पाहावी.

आणखी एकदा तर स्क्रिप्टमध्ये काही दोषच नव्हता. गाठोडे बांधून होता होता यंत्र थबकले. कारण, नव्याने जन्मास येणारी फाइल पाहून संगणकावरील विषाणूरोधक पहारेकरी सावध झाला, आणि तपासणीसाठी त्याने तिची मानगूट धरून ठेवली. त्यामुळे कंपायलरला तीत लिहिता येईना. तयार माल ठेवण्याच्या त्या एका फोल्डरापुरती पहाऱ्यातून सूट दिली, आणि काम मार्गी लागले. प्रत्येक अडथळा आपल्या लेखनातलाच असतो, असेही समजू नये.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी कंपायलरने काम निर्वेध पार पडल्याचे सांगितले. पुतण्याला झालेला आनंद मी वर्णीत नाही. त्याने विचारले, "काका, झाले ना?" आणि मी, पंचवीस वर्षे या धंद्यात घालविलेला मनुष्य, त्याला म्हणालो, "झाले." श्रोतेहो, आजच्या भाषणातील खरी चूक ही. ती पुतण्याची नव्हे, माझी.

इन्स्टॉलर आबांच्या संगणकावर बसविला. पाणी सुरू झाले. कार्यक्रम उत्तम चालला. मी नाशकास परतलो. दोन आठवड्यांनी पुतण्याने कार्यक्रमात एक किरकोळ सुधारणा केली, नवा इन्स्टॉलर बांधला. तो एका दमात कंपाइल झाला. तो त्याने आबांकडे नेऊन जुन्यावर बसविला. दुसऱ्या दिवशी आबांनी पाहिले, तो अकरा दिवसांच्या नोंदी नाहीशा झालेल्या!

कारण तुमच्या ध्यानात आले असेल. एकतिसाव्या ओळीतील ती 'शेतकऱ्यांची यादी'! पुतण्याच्या कार्यक्रमात पाळ्यांच्या नोंदीही त्याच फाइलीत होत. स्क्रिप्टमध्ये आज्ञा एवढीच होती की ही फाइल त्या फोल्डरात नेऊन ठेव. नव्या इन्स्टॉलरने आज्ञा अक्षरशः पाळली; कोरी यादी नेऊन भरलेल्या यादीवर ठेवली. जी ओळ कंपायलरकडून मान्य करून घेण्यासाठी आम्ही दोन रात्री खर्ची घातल्या, तिनेच अकरा दिवसांचे पाणी पुसून टाकले. त्या काळात एका खातेदाराची रात्रीची पाळी वीज गेल्यामुळे चार तास बुडाली होती. ते चार तास त्याला परत मिळावयाचे होते, आणि त्याचा गहू त्या पाण्याची वाट पाहत होता. यंत्राच्या लेखी आता त्याचे काहीच येणे नव्हते.

भांडण होणार, या भीतीने पुतण्याने रात्री मला दूरध्वनी केला. मी काय सांगणार? परंतु सकाळी आबांनी शांतपणे कपाटातून जुनी वही काढली. यंत्र आल्यावरही त्यांनी वहीत लिहिणे थांबविले नव्हते. ते पुतण्याला म्हणाले, "तुझ्या यंत्रावर विश्वास नव्हता असे नव्हे रे, पण पाणी दुसऱ्याचे होते." अकरा दिवसांच्या नोंदी वहीवरून पुन्हा भरल्या गेल्या, आणि त्या शेतकऱ्याला त्याचे चार तास मिळाले.

दुरुस्ती अगदी अल्प होती. ही फाइल तेथे आधी नसेल तरच ठेवावी, अशा अर्थाचा 'ओन्लीइफडझन्टएक्झिस्ट' हा एक शब्द त्या ओळीच्या शेवटी जोडावयाचा. आणि कार्यक्रम काढून टाकला तरी तिला हात लावू नये, अशा अर्थाचा 'अनइन्सनेव्हरअनइन्स्टॉल' हा दुसरा. दोन्ही शब्द इनो सेटअपच्या माहितीपुस्तकात आहेत. आम्ही ते पाहिले नाहीत, कारण यंत्राने तक्रार केली नाही; आणि यंत्राने तक्रार केली नाही म्हणजे सर्व ठीक आहे, असे आम्ही धरून चाललो.

आज मला सांगावयाचे आहे ते हेच. कंपायलर हा व्याकरणाचा पंतोजी आहे. वाक्यात क्रियापद आहे की नाही, विरामचिन्ह राहिले का, ज्याचे नाव घेतले तो वर्गात हजर आहे का, इतके तो काटेकोरपणे पाहतो. परंतु वाक्य खरे आहे का, शहाणपणाचे आहे का, त्याने कोणाचे नुकसान होईल का, हे तो पाहत नाही. ते पाहण्याची त्याला शक्तीच नाही. त्याने दाखविलेली चूक आपल्याला लाज आणते, म्हणून ती आपल्याला मोठी वाटते. वस्तुतः तीच सर्वांत लहान होय. ती आपल्या टेबलावरच अडते. दुसऱ्याच्या घरी पोचत नाही. जी तांबडी अक्षरे पाहून पुतण्याचा धीर सुटला, त्यांनी कोणाच्याही शेताचे पाणी तोडले नाही. पाणी तोडले ते 'सर्व काही निर्वेध पार पडले' या हिरव्या अक्षरांनी.

म्हणून जे कोणी हे काम करीत असतील, आणि आज कित्येक घरांतील मुलेमुली ते करीत आहेत, त्यांना माझे शेवटचे सांगणे असे. कंपायलर अडला तर धीर सोडू नका. तक्रार पुरती वाचा, एका वेळी एकच गोष्ट बदला, दाखविलेल्या ओळीच्या मागची ओळ पाहा. परंतु कंपायलर अडला नाही, तर तेथून खरे काम सुरू झाले असे समजा. आपला इन्स्टॉलर अशा एका संगणकावर बसवून पाहा, की ज्यावर आपले काही नाही. मग त्यात चार नोंदी करा. मग त्यावरच तो पुन्हा बसवा. मग काढून टाका. आणि प्रत्येक वेळी पाहा, की दुसऱ्याचे जे होते ते जागच्या जागी आहे ना.

आमच्या पंपाचा हिशेब आता त्या कार्यक्रमावरच चालतो. रोज रात्री नोंदींची एक प्रत आपोआप निराळ्या जागी ठेवण्याची सोयही पुतण्याने त्यात केली आहे. आबांची वही मात्र कपाटात आहे, आणि तीत अजूनही रोज एक ओळ लिहिली जाते. पुतण्याने त्यांना ती बंद करावयास सांगितलेले नाही. मीही सांगितलेले नाही.